प्रश्न वाचकांचे : मार्क हॅमिल, कॅमेऱ्यापुढे आणि माइकपुढे

गेल्या अंकात विज्ञानपटांतील नटांविषयी लिहिताना आम्ही मार्क हॅमिलला एका वाक्यात उरकले होते. 'स्टार वॉर्स'मधील ल्यूक स्कायवॉकरच्या भूमिकेनंतर पडद्यावर फारसे काही न जमल्याने त्याला आवाजाच्या कामावर समाधान मानावे लागले, असे ते वाक्य होते. त्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच एका नटाला द्यावे लागत आहे.

*प्रश्न : 'समाधान मानावे लागले' हे शब्द आपण कोणत्या आधारावर लिहिलेत? आवाजाचे काम म्हणजे नटाची पडती बाजू, असे आपले मत आहे काय? (एक वाचक, सांगली)*

उत्तर : आधार नव्हता. सवयीने लिहिले गेले आणि ते चूक होते.

वर्षे नुसती ओळीने मांडली तरी ते वाक्य टिकत नाही. हॅमिलचा जन्म 25 सप्टेंबर 1951 रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे झाला. वडील अमेरिकी नौदलात अधिकारी असल्याने बदल्या सतत होत आणि मुलाचे शालेय शिक्षण जपानमध्ये, योकोसुका येथील नौदल तळावरच्या शाळेत पूर्ण झाले. पुढे लॉस एंजेलिसच्या सिटी कॉलेजात त्याने नाट्यशिक्षण घेतले आणि दूरचित्रवाणीवरील मालिकांत कामे मिळू लागली. याच काळात, म्हणजे 1973 मध्ये, 'जीनी' नावाच्या कार्टून मालिकेत नायकाला त्याने आवाज दिला होता; त्या वेळी ल्यूक स्कायवॉकर हे नाव प्रेक्षकांनी ऐकलेलेही नव्हते. आवाजाच्या कामात तो पडद्यावर हरल्यावर आला, हा समज इथेच निकालात निघतो.

दुसरी गोष्ट आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. 1981 मध्ये अमेरिकेतील नॅशनल पब्लिक रेडिओने 'स्टार वॉर्स'चे 13 भागांचे नभोनाट्य केले आणि 1983 मध्ये दुसऱ्या चित्रपटाचे, म्हणजे 'एम्पायर स्ट्राइक्स बॅक'चे, 10 भागांचे. दोन्हींत ल्यूकची भूमिका स्वतः हॅमिलने केली. जगातील सर्वाधिक ओळखल्या जाणाऱ्या चेहऱ्यांपैकी एक त्याचा होता आणि तरीही तो रेडिओच्या माइकपुढे उभा राहिला, जिथे चेहऱ्याची किंमत शून्य. आकाशवाणीची नभोनाट्ये ऐकत वाढलेल्या आमच्या पिढीला यात पडती बाजू कशी दिसावी? या रेडिओच्या कामाकडे आम्ही या सदराच्या शेवटी पुन्हा येणार आहोत.

*प्रश्न : खलनायक डार्थ व्हेडरचा आवाज जर नंतर घातला गेला, तर 'एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मधील त्या प्रसिद्ध प्रसंगात हॅमिल नेमके काय ऐकून कोसळतो? (महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे)*

उत्तर : खोटे वाक्य ऐकून. आपल्या प्रश्नाने आम्हाला तो प्रसंग पुन्हा पाहायला लावले, त्याबद्दल आभार.

व्हेडरच्या काळ्या पोशाखात डेव्हिड प्राउझ हा उंचापुरा इंग्लिश नट होता, आवाज मात्र जेम्स अर्ल जोन्स यांचा, आणि तो चित्रीकरणानंतर ध्वनिमुद्रित होत असे. रहस्य फुटू नये म्हणून सेटवर प्राउझला वेगळेच वाक्य दिलेले होते. ल्यूकच्या वडिलांना ओबी-वानने, म्हणजे ल्यूकच्या पहिल्या गुरूने, मारले, असे तो म्हणत असे. खरे वाक्य, म्हणजे व्हेडर हाच ल्यूकचा पिता आहे, हे दिग्दर्शक अर्व्हिन कर्शनर यांनी हॅमिलला चित्रीकरणाच्या अगदी तोंडावर बाजूला घेऊन सांगितले. आता त्याची अवस्था पाहा. वाऱ्याचे मोठमोठे पंखे घोंघावत आहेत, समोरचा माणूस मुखवट्याआडून भलतेच बोलतो आहे, आणि जे वाक्य अजून कोणी उच्चारलेलेच नाही त्याला उत्तर म्हणून चेहरा पिळवटायचा आहे. ते वाक्य त्याने मनातल्या मनात ऐकले आणि त्यावर अभिनय केला.

त्याच चित्रपटात ल्यूकचा बुटका गुरू योडा, म्हणजे एक बाहुली, याच्याबरोबरचे प्रसंग आहेत. लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत दलदलीचा सेट जमिनीपासून उंच उचलून बांधला होता, कारण बाहुलीचा सूत्रधार फ्रँक ऑझ आणि त्याचे साथीदार खाली उभे राहून ती हलवत असत. हॅमिलने पुढे गमतीने सांगितले आहे की कित्येक दिवस कॉलशीटवर, म्हणजे त्या दिवशी कोणी हजर राहायचे त्या यादीवर, माणूस म्हणून त्याचे एकट्याचेच नाव असे. रबरी बाहुलीच्या डोळ्यांत पाहून गुरूपुढची असोशी दाखवणे हे सोपे काम नव्हे, आणि योडा आपल्याला जिवंत वाटतो यात ऑझच्या हातांइतकाच हॅमिलच्या नजरेचा वाटा आहे, असे आमचे मत आहे. या चित्रपटासाठी त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा सॅटर्न पुरस्कार मिळाला; तो विज्ञानपटांसारख्या चित्रपटांसाठी असतो. विज्ञानपटांच्या वर्तुळाबाहेर त्याची दखल फारशी घेतली गेली नाही.

*प्रश्न : मोटार अपघातात त्याचा चेहरा पूर्ण बदलला आणि ती खूण झाकण्यासाठीच दुसऱ्या चित्रपटाच्या सुरुवातीला हिमराक्षसाचा हल्ला घातला, हे खरे काय? (एक वाचक, कोल्हापूर)*

उत्तर : अपघात खरा आहे, तो जानेवारी 1977 मध्ये झाला आणि त्यात नाक व गालाचे हाड मोडले. बाकीचे चाहत्यांनी वाढवलेले आहे. त्या प्रसंगामुळे चेहऱ्यातील फरक आपोआप खपून गेला, मात्र तो त्यासाठी लिहिलेला नव्हता, असे जॉर्ज लुकास यांनी म्हटले आहे.

*प्रश्न : दूरदर्शनवरील 'रामायण' मालिकेनंतर अरुण गोविल यांना लोक राम म्हणूनच पाहू लागले. हॅमिलचेही तसेच झाले काय? हॅरिसन फोर्ड त्याच चित्रपटातून मोठा नायक झाला, मग हाच का मागे राहिला? (निवृत्त शिक्षिका, नागपूर)*

उत्तर : तुलना बरीचशी लागू पडते. फोर्डने केलेला हान सोलो हा बेफिकीर, स्वार्थी, व्यवहारी माणूस होता; असा माणूस कोणत्याही काळातल्या, कोणत्याही कथेत शोभतो. ल्यूक मात्र निरागस होता, आणि निरागसतेचा शिक्का पुसायला सर्वांत कठीण. आपल्याकडे खलनायकाच्या शिक्क्याची चर्चा बरीच होते, सज्जनाच्या शिक्क्याची फारशी होत नाही.

हॅमिलने प्रयत्न सोडले नव्हते. 1980 मध्ये सॅम्युएल फुलर यांच्या 'द बिग रेड वन' या युद्धपटात त्याने सैनिकाची भूमिका केली. मग तो न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर गेला आणि 1981 मध्ये 'द एलिफंट मॅन' या नाटकात त्याने शरीराने विद्रूप झालेल्या जॉन मेरिकची भूमिका केली. त्या नाटकात विद्रूपता रंगभूषेने दाखवायची नसते. नटाने ती केवळ देहाच्या वाकण्यातून आणि बोलण्याच्या कष्टातून उभी करायची असते. पाठोपाठ 'अमॅडियस' या नाटकात तो मोझार्ट झाला. त्याच नाटकावरून मिलॉश फोरमन चित्रपट करत होते, तेव्हा मोझार्ट म्हणून ल्यूक स्कायवॉकर लोकांना पचणार नाही, या कारणाने त्याचा विचार झाला नाही, असे हॅमिलनेच नंतर सांगितले. रंगभूमीवर मोझार्ट म्हणून चालणारा नट पडद्यावर का चालू नये, याचे उत्तर एकच आहे: कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ जातो आणि त्या चेहऱ्यावर आधीच एक नाव लिहिलेले होते.

*प्रश्न : मी मुंबईत डबिंग करते. हॅमिलने केलेला जोकर, म्हणजे बॅटमॅनचा विदूषकी शत्रू, ऐकल्यावर पहिली शंका हीच येते की चित्र आधी की आवाज आधी? त्याच्या हसण्याविषयीही लिहावे. (डबिंग कलाकार, मुंबई)*

उत्तर : आपल्या व्यवसायातल्या व्यक्तीलाच हा प्रश्न सुचावा. आपण करता त्या कामात चित्र तयार असते, ओठ आधीच हललेले असतात आणि त्यांत शब्द बसवायचे असतात. अमेरिकी कार्टून मालिकांत बहुधा उलटे चालते, म्हणजे आवाज आधी मुद्रित होतो आणि चित्रकार त्या आवाजावरून चेहरा हलवतात. 1992 मध्ये सुरू झालेली 'बॅटमॅन : द अ‍ॅनिमेटेड सीरिज' अशीच तयार होत होती.

हॅमिल कॉमिक्सचा लहानपणापासून वेडा. या मालिकेत काहीतरी मिळावे अशी त्याची इच्छा होती, आणि त्याला प्रथम मिळाला तो 'हार्ट ऑफ आइस' या भागातील फेरिस बॉयल नावाचा निर्दय उद्योगपती. जोकरचे काम तेव्हा टिम करी या इंग्लिश नटाकडे होते. ते बदलायचे ठरल्यावर हॅमिलला चाचणीसाठी बोलावले गेले. ल्यूकला जोकर करायला कोणी धजावणार नाही, अशी त्याची खात्री होती, आणि म्हणूनच तो मोकळेपणी वाचू शकला, असे त्याने सांगितले आहे. अडचण अशी की सुरुवातीचे काही भाग करीच्या आवाजावरून रंगवून तयार झाले होते. त्या भागांत हॅमिलला आपण रोज करता तेच करावे लागले. दुसऱ्याच्या आवाजावर हललेले ओठ, दुसऱ्याने घेतलेले श्वास आणि दुसऱ्याने ठरवलेले थांबे यांच्या चौकटीत राहून त्याने स्वतःचा जोकर घडवला. नंतरच्या भागांत चित्रकार त्याच्या मागून आले.

ध्वनिदिग्दर्शिका अँड्रिया रोमानो शक्यतो सगळ्या नटांना एकाच खोलीत, एकाच वेळी मुद्रित करीत असत. त्यामुळे बॅटमॅनचा आवाज देणारा केव्हिन कॉनरॉय समोर असे आणि दोघांचे संवाद खरोखर एकमेकांवर आदळत. एकट्याने बूथमध्ये बसून समोरच्याची वाक्ये हेडफोनवर ऐकणाऱ्याला हा फरक वेगळा सांगायला नको.

आता हसण्याविषयी. त्याच्या जोकरचे हसणे ठरावीक नाही, हीच त्याची खूण. कधी ते घशाच्या तळातून खरखरत वर येते, कधी वाक्याच्या मध्येच फुटते आणि वाक्य तसेच पुढे चालू राहते, कधी हसता हसता एकदम थांबते आणि पुढचा शब्द अगदी थंडपणे पडतो; भीती वाटते ती या थांबण्याची. आमचा तर्क असा की याची तालीम 'अमॅडियस'मध्ये झाली असावी. त्या नाटकातील मोझार्टचे खिदळणे प्रसिद्धच आहे, आणि प्रत्येक प्रयोगात तेच हसणे नव्याने हसायची पाळी आलेल्या नटाला हसण्याच्या जाती कळू लागतात.

चेहरा बाजूला झाला आणि ल्यूक अडसर उरला नाही. 'अर्कम सिटी' या बॅटमॅनच्या व्हिडिओ खेळातील जोकरसाठी 2012 मध्ये त्याला व्हिडिओ गेममधील अभिनयाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. 'अवतार : द लास्ट एअरबेंडर'मधील अग्निसम्राट ओझायही त्याचाच. मियाझाकी यांच्या 'कॅसल इन द स्काय' या जपानी चित्रपटाच्या इंग्रजी डबिंगमधील खलनायक मुस्काही त्याने केला. तेथे तर चित्र आधीच तयार होते. नोव्हेंबर 2022 मध्ये कॉनरॉय वारला; त्यानंतर, समोर तो नसेल तर जोकर पुन्हा करावासा वाटत नाही, अशी भावना हॅमिलने व्यक्त केली.

*प्रश्न : 'द फोर्स अवेकन्स'मध्ये त्याला किती वाक्ये होती? (शाळकरी वाचक, पणजी)*

उत्तर : एकही नाही. 2015 च्या या 'स्टार वॉर्स' चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्याचे नाव दुसरे आहे, आणि तो दिसतो तो अगदी शेवटी, आयर्लंडच्या किनाऱ्यापलीकडील स्केलिग मायकल बेटावर. पाठमोरा उभा असतो, वळतो, डोक्यावरची टोपडी मागे सारतो आणि पाहतो. इतकेच. आवाजावर इतके मिळवलेल्या नटाला मुका प्रवेश द्यावा, याची आम्हाला तेव्हा गंमत वाटली होती. दोन वर्षांनी आलेल्या 'द लास्ट जेडाय'मध्ये मात्र त्याला भरपूर बोलायला मिळाले आणि तेथे त्याने खचलेला, तिरसट म्हातारा ल्यूक अतिशय ताकदीने केला. त्याच चित्रपटात जुगारखान्यात यंत्रमानवाच्या पोटात नाणी टाकणारा एक बुटका मद्यपी आहे, त्यामागेही हॅमिलच आहे. पुढच्या वेळी पाहताना कान देऊन ऐकावे.

*प्रश्न : 'स्टार वॉर्स'च्या 'द मँडलोरियन' या मालिकेत तरुण ल्यूक आला. चेहरा संगणकाने केला हे कळले, पण आवाज तरी हॅमिलचा होता ना? (संगणक अभियंता, हिंजवडी)*

उत्तर : हो म्हणावे तर पूर्ण खरे नाही आणि नाही म्हणावे तर तेही नाही. डिसेंबर 2020 मध्ये प्रसारित झालेल्या त्या भागात तरुण ल्यूक दिसायला हवा होता आणि हॅमिल तेव्हा 69 वर्षांचा होता. चित्रीकरणाच्या वेळी तो हजर होता. पडद्यावर मात्र दुसऱ्या तरुण नटाचे शरीर आणि त्यावर संगणकाने बसवलेला हॅमिलचा जुना चेहरा आहे. आवाजासाठी रिस्पीचर नावाच्या युक्रेनी कंपनीची प्रणाली वापरली गेली. अशा प्रणालीला एखाद्या माणसाच्या आवाजाचे स्वच्छ, पार्श्वसंगीत व गोंगाट नसलेले नमुने भरपूर द्यावे लागतात. त्यांवरून ती त्या आवाजाचा पोत शिकते आणि मग नव्या वाक्यांना तो पोत चढवते.

हॅमिलचा त्या वयाचा असा आवाज शोधताना ध्वनिविभागातील लोकांना मूळ चित्रपटांसाठी नंतर मुद्रित केलेले त्याचे संवाद सापडले, त्या काळात त्याने वाचलेल्या एका पुस्तकाची ध्वनिफीत सापडली आणि तिसरी गोष्ट म्हणजे वर ज्याचा उल्लेख केला ती रेडिओची नभोनाट्ये. त्यांत तो तासन्‌तास ल्यूक म्हणून बोलत होता, आणि एवढ्या तासांची गरज चाळीस वर्षांनी एका यंत्राला लागली.

त्यातून निघालेला आवाज आम्ही दोनदा ऐकला. सूर अचूक आहे, वय अचूक आहे. पण वाक्याच्या शेवटी ल्यूक जो किंचित घाईचा, अर्धा गिळलेला श्वास घेई, तो आम्हाला तेथे ऐकू आला नाही. आमच्या कानांचे वय पाहता ही तक्रार कोणी मनावर घेऊ नये. हिंजवडीच्या वाचकांनी चांगल्या हेडफोनवर ऐकून पाहावे आणि आम्ही चुकत असलो तर पुढील अंकासाठी तसे कळवावे.