मीटिंगमध्ये ओळखीचं कोणी निघालं तर?

दारू सोडायला तयार झालेल्या माणसापुढे ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगचं नाव काढलं की पहिला प्रश्न हमखास हाच येतो. नागपूर कितीही पसरलं तरी कुठल्याही लग्नात चार ओळखीचे भेटतातच, त्यामुळे ही भीती पोकळ आहे असं मी म्हणत नाही.

उत्तर नागपुरातलं एक जोडपं माझ्याकडे सल्ल्याला आलं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) गृहस्थ पंचेचाळिशीच्या पुढचे, हिंगणा एमआयडीसीत नोकरीला, वस्तीतल्या विहाराच्या कामात पुढे. बायको म्हणाली, "मॅडम, हे विहारात पंचशील म्हणतात न् रात्री पिऊन येतात. लोक पाहून राहिले न." पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचंच. शिवाय १९५६ साली दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही 'मी दारू पिणार नाही' ही प्रतिज्ञा आहे. त्यामुळे यांची शरम दुप्पट. माळकऱ्यांच्या घरातही मी हेच पाहिलं आहे. जिथं न पिण्याचं व्रत असतं तिथं पिणारा जास्त लपतो आणि मदत मागायला फार उशिरा येतो.

मीटिंगच्या आधी एक काम होतं. सकाळी त्यांचे हात थरथरायचे, घोट पोटात गेला की थांबायचे. अशा माणसाने घरच्या घरी एकदम बंद केली तर पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. म्हणून आधी मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाच्या, मानसोपचार विभागात पाठवलं. हात स्थिर झाल्यावर मग मीटिंगचा विषय.

"घराजवळची नको," एवढं एकच त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, ठीक आहे, ड्युटी सुटल्यापासून घरी पोचेपर्यंत काय काय होतं ते सांगा. साडेपाचला सुटी, लोकमान्य नगरहून मेट्रो, सीताबर्डीला गाडी बदलून इंदोरा चौक. फक्त सीताबर्डीला ते गाडी बदलायचेच नाहीत, जिना उतरून बाहेर पडायचे. "बाहेर आलो की मंग आपल्या हातात काही राहत नाही." म्हणजे आम्हाला हवी होती सीताबर्डीहून पोचता येईल अशी, सातच्या सुमाराची मीटिंग. लोक घराजवळची शोधतात. माझा आग्रह असतो की पिण्याच्या वेळेला आडवी येणारी शोधा.

शोधणं बायकोने केलं. ए.ए.चा फोन उचलणारा बहुतेक वेळा स्वतः दारू सोडलेलाच असतो, त्यामुळे लाजायचं कारण नाही. वार, वेळ, मराठी की हिंदी, हे विचारायचं. मीटिंग 'ओपन' की 'क्लोज्ड' तेही विचारायचं. ओपनला घरचे सोबत बसू शकतात, क्लोज्ड फक्त पिणं थांबवायची इच्छा असलेल्यांसाठी. खूण नीट लिहून घ्या, कारण शाळेचा वर्ग किंवा एखादा हॉल असतो, बाहेर मोठा बोर्ड सापडेलच असं नाही. वेळ किंवा जागा बदलते, म्हणून त्या दिवशी पुन्हा फोन करा. नंबरच सापडत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फोन मोफत लागतो. तिथून जवळचं केंद्र कळतं आणि केंद्रवाल्यांना बहुधा मीटिंगा माहीत असतात.

पहिल्या दिवशी ते फाटकापर्यंत जाऊन परत आले. पुढच्या वेळी फोनवरचाच माणूस समोरच्या चहाटपरीवर थांबला होता, त्याच्यासोबत आत गेले. हजेरी नाही, आडनाव विचारलं नाही, फी नाही. शेवटी पिशवी फिरते, पण नव्या माणसाने काही टाकलंच पाहिजे असं नसतं.

तक्रार वेगळीच आली. "मॅडम, ते प्रार्थना म्हणतात. आमच्यात देव नाही." ए.ए.च्या बारा पायऱ्यांत, म्हणजे दारूतून बाहेर पडायच्या त्यांच्या कार्यक्रमात, 'आपल्याला उमजलेला ईश्वर' असे शब्द आहेत हे खरं. न मानणारे कितीतरी सभासद त्या जागी आपल्या ग्रुपलाच धरतात. आमचे हे गृहस्थ प्रार्थनेच्या वेळी गप्प उभे राहतात. कोणी हटकलं नाही.

आणि ओळखीचा निघालाच! त्यांच्याच कंपनीतला, दुसऱ्या खात्याचा. त्यानंतर कितीतरी दिवस हे कॅन्टीनमध्ये कान टवकारून जेवत होते. त्या माणसाने तिथं कधी विषय काढला नाही. फार तर हात धुताना म्हणायचा, "आज येता का?" मीटिंगमधलं बाहेर बोलायचं नाही हा तिथला रिवाज आहे, पण तो शब्दावर चालतो, कायद्यावर नाही. त्यामुळे शंभर टक्के हमी मी कोणालाच देत नाही. कोणी बोललंच तर दुसरा ग्रुप धरता येतो.

मारबतीच्या सुटीला जुन्या दोस्तांत ते घसरले. पुढच्याच मीटिंगला स्वतः सांगून मोकळे झाले आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागले. सध्या जाऊन राहिले आहेत.

बायकोची अडचण मात्र अजून आहे. ते घरी आले की डब्याची पिशवी हुंगल्याशिवाय तिला चैन पडत नाही. तिला मी अल-अनॉनकडे पाठवलं. तो पिणाऱ्यांच्या घरच्यांचा स्वतंत्र गट आहे. नवरा कुठंच जायला तयार नसला तरी तिथं एकटीने जाता येतं.