बाबांना प्रोस्टेट कॅन्सर निघालाय, तर तेल-तूप आणि साखर सगळंच बंद करायचं का?

तुम्ही लिहिलंय की बाबा ६८ वर्षांचे आहेत, कॅन्सर लवकर सापडला म्हणून डॉक्टरांनी सध्या फक्त लक्ष ठेवायचं ठरवलंय, आणि काकांनी "फॅट म्हणजे कॅन्सरचं खाद्य" असं सांगितल्यापासून घरात नुसतं उकडलेलं जेवण चाललंय. ते आधी थांबवा प्लीज. या वयात माणूस खाण्याला कंटाळला की अंगातलं बळ जातं, आणि ते परत आणणं फार अवघड असतं.

मी कॅन्सरच्या पेशींच्या मेटाबॉलिझमवर काम करतो, डॉक्टर नाहीये, त्यामुळे पेशीत काय घडतं ते सांगतो, औषधपाण्याचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. काका अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत, फॅटचा संबंध आहे, पण माझ्या मते प्रश्न किती फॅट यापेक्षा कुठलं फॅट हा आहे.

प्रोस्टेटची नॉर्मल पेशी जरा वेगळीच असते बघा. तिच्यात झिंक भरपूर साठलेलं असतं, ते झिंक ॲकोनिटेज नावाचं एन्झाइम अडवून धरतं, त्यामुळे सायट्रेट, म्हणजे अन्नातून ऊर्जा काढताना पेशीत मधेच तयार होणारं द्रव्य, जळत नाही, ते वीर्यात जाणाऱ्या द्रवात सोडलं जातं. कॅन्सर झाला की पेशी झिंक साठवायचं बंद करते आणि तेच सायट्रेट जाळायला आणि नवीन फॅट बनवायला वापरते, फॅटी ॲसिड सिंथेज नावाचं एन्झाइम तिच्यात वाढलेलं असतं आणि त्याला चालना टेस्टोस्टेरॉनच्या सिग्नलमधून मिळते. म्हणजे घरात तेलाचा एक थेंब वापरला नाही तरी ती पेशी स्वतःचं पामिटिक ॲसिड, म्हणजे एक सॅच्युरेटेड फॅट, स्वतः बनवत बसणार. वर बाहेरचं फॅटही ओढते, सीडी३६ नावाच्या प्रोटीनमधून, आणि २०१९ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी उंदरांच्या प्रोस्टेटमधून हे प्रोटीन काढलं तर कॅन्सरची वाढ मंदावली.

साखरेचं म्हणाल तर सुरुवातीचा प्रोस्टेट कॅन्सर ग्लुकोज फारसं ओढतच नाही, म्हणून तर ग्लुकोजसारखं द्रव्य देऊन करतात त्या नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये तो बऱ्याचदा दिसत नाही आणि प्रोस्टेटच्या पेशींवरचं पीएसएमए नावाचं प्रोटीन शोधणारा स्कॅन करावा लागतो. डायबेटिस असेल तर साखर सांभाळाच, पण ते डायबेटिससाठी.

बाबांचा बायोप्सी रिपोर्ट काढून बघा, त्यात एएमएसीआर किंवा पी५०४एस पॉझिटिव्ह असं लिहिलेलं असू शकतं. हे एन्झाइम फांद्या असलेली फॅटी ॲसिड जाळायला लागतं, आणि ती आपल्याला मुख्यतः दूध, लोणी आणि रवंथ करणाऱ्या जनावरांच्या चरबीतून मिळतात. कॅन्सरच्या पेशीत ते इतकं वाढतं की पॅथॉलॉजिस्ट ते खूण म्हणून वापरतात. पण यावरून दुधाने कॅन्सर झाला असं सिद्ध होत नाही, चहातलं दूध बंद करू नका.

लॅबमध्ये आम्ही एलएनकॅप नावाच्या प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींना फॅटी ॲसिड अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रोटीनला जोडून देतो, मग ऑइल रेड ओ रंग टाकला की मायक्रोस्कोपखाली पेशीभर फॅटचे लाल थेंब दिसतात. आणि नुसतं पामिटिक जास्त दिलं तर पेशी मरायला लागतात, सोबत ओलेइक हे अनसॅच्युरेटेड फॅटी ॲसिड दिलं की वाचतात! म्हणून "अमुक फॅटने डिशमध्ये पेशी मेल्या" असं वाचून लगेच ते ताटात वाढू नये.

माणसांवरचा पुरावा कमी आहे पण आहे. सॅच्युरेटेड फॅट जास्त खाणाऱ्या पेशंटच्या ट्यूमरमध्ये पेशींची वाढ पुढे ढकलणाऱ्या एमवायसी या जीनची हालचाल जास्त दिसली आणि अशांचा आजार जीवघेणा व्हायची शक्यताही जास्त, हे बोस्टनचं २०१९ चं काम. हार्वर्डच्या २०१३ च्या अभ्यासात निदानानंतर १० टक्के कॅलरी कार्बऐवजी वनस्पतीच्या फॅटमधून घेणाऱ्यांत जीवघेण्या प्रोस्टेट कॅन्सरचा धोका २९ टक्के कमी होता. आणि लॉस एंजेलिसला १०० पुरुषांवर, तेही बाबांसारखेच नुसतं लक्ष ठेवलेले, एक वर्षाची ट्रायल झाली, २०२४ ला छापून आली, ओमेगा-६ कमी, ओमेगा-३ जास्त आणि फिश ऑइल, तर केआय-६७ म्हणजे पेशी किती वेगाने वाढतायत याचा आकडा असं खाणाऱ्या गटात सुमारे १५ टक्के घटला, नेहमीचं खाणाऱ्यांत सुमारे २४ टक्के वाढला. ग्लीसन ग्रेड, म्हणजे बायोप्सीत कॅन्सर किती आक्रमक दिसतो ती श्रेणी, मात्र बदलली नाही, त्यामुळे हुरळून जायचं नाही, आणि हे खाणं पीएसए या रक्ताच्या टेस्टच्या किंवा पुढच्या बायोप्सीच्या जागी तर नाहीच.

मग घरात काय करायचं? तूप वरणभातावर चमचाभर राहू दे, वनस्पती तूप, बेकरीची खारी-बिस्किटं, मटणाची चरबी कमी करा. नुसतं करडई किंवा सूर्यफुलाचं साधं तेल वापरत असाल तर त्यात ओमेगा-६ फार, शेंगदाणा किंवा मोहरीचं आणा. मासे खात असाल तर बांगडा, तारली, पण तेलात तळून नको, तिरफळं घालून कालवण करा. शाकाहारी असाल तर जवसाची चटणी, अक्रोड, त्यातलं ओमेगा-३ वेगळं असतं आणि शरीर त्यातलं थोडंच माशातल्यासारखं करून घेतं, तरी चांगलंच आहे. फिश ऑइलच्या कॅप्सूल मनाने सुरू करू नका, विशेषतः बाबांना रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.