बेळगावकडे दुखवट्याला जाताना काय न्यावं, जेवायला थांबावं का?

मित्राचे वडील वारलेत, बेळगावजवळच्या गावी पहिल्यांदाच भेटायला जाताय, तर हातात काय न्यावं आणि जेवायचा आग्रह झाला तर काय करावं, असं तुम्ही विचारलंय. मी खानापूर तालुक्यातला. आमचे आबा गेले तेव्हाचं सांगतो. भावकीगणिक थोडंफार बदलतं.

आधी दिवस बघा. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षाविसर्जन असतं आणि लोक जमतात ते त्यालाच. वेळ 'तरुण भारत'मधल्या निधनवार्तेत येते. गेलेल्याच्या आवडीचं सगळं तिथं मांडतात. आबांसाठी चहा, कांदाभजी आणि विडीचं बंडल होतं. कावळा काही शिवेना. शेवटी काका पुढं झाले, "धाकटीचं लग्न मी करून देतो, काळजी करू नकोस" म्हणाले, तेव्हा कुठं एक खाली उतरला. त्यानं भजी उचलली, विडीकडं बघितलंही नाही. रडता रडता आत्या हसली.

घरात चूल पेटत नाही. भावकीलाही सुतकच, म्हणून भाकरी, आमटी, भात हे सोयरे नाहीतर शेजारी आणतात. पहिल्या रात्री आमच्याकडे भाकरी आल्या त्या शेजारच्या अक्कांकडून. त्या लिंगायत. त्यांच्यात सुतक धरत नाहीत, बसवण्णांनी १२व्या शतकातच ते नाकारलं. जोंधळ्याच्या भाकरी आणि झुणका आईच्या पुढ्यात ठेवून "उण्ण री" (कन्नडमध्ये 'जेवा') एवढंच म्हणाल्या आणि आई जेवेपर्यंत उठल्या नाहीत. आईला आम्ही दुपारपासून विनवत होतो, तिनं घास घेतला तो अक्कांसमोर.

संध्याकाळी भजन. आबा माळकरी, त्यामुळं बाराव्यापर्यंत गावातली मंडळी टाळ-पखवाज घेऊन रोज यायची. हरिपाठ, मग चारदोन अभंग, शेवटी पसायदान. नंतर चहा आणि चिरमुरे. खरं सांगायचं तर हरिपाठापेक्षा त्यानंतरचा अर्धा तास मला जास्त आठवतो. आबांनी कुणाचा बैल कसा सोडवला, कुणाशी बांधावरून किती वर्षं अबोला धरला, हे सगळं मला चिरमुरे खाता खाताच कळलं.

तेव्हा मिठाईचा पुडा नको. गोड थेट बाराव्याला, तेव्हा खपली गव्हाची खीर असते. कन्नड शेजारी तिला हुग्गी म्हणतात. तुम्ही फळं न्या, नाहीतर चहापूड आणि साखर. आल्यागेल्याच्या चहात साखर किती जाते ते घरच्यांनाच ठाऊक. जेवायला बसा म्हणाले तर बसा, दोन घास का होईना. तुम्ही बसलात की मित्रही बसेल. आणि भजनाच्या वेळेला पोचलात तर टाळ वाजवता येत नाही म्हणून मागं राहू नका, टाळ्या चालतात.

निघताना 'येतो' म्हणू नका. नुसतं उठून निघायचं, कुणी वाईट वाटून घेत नाही.