नगरपालिकेनं कुत्र्यांच्या नियमांवर हरकती-सूचना मागवल्यात, लिहून काही उपयोग होतो का?

होतो, पण तुम्ही काय लिहिता त्यावर आहे सगळं. तुम्ही म्हणताय की बाग, मैदान, बाजार इथल्या कुत्र्यांसाठी उपविधीचा, म्हणजे नगरपालिकेच्या स्वतःच्या नियमांचा, मसुदा लागलाय अन् ग्रुपवर फिरायला जाणारे विरुद्ध कुत्रं पाळणारे अशी भांडणं पेटलीत. ग्रुपवरचं कुणी धरत नाही, अर्ज करा.

मी लातूरचा, असल्या एका सुनावणीला बसून आलोय. तिथं बऱ्याच अर्जात एकच ओळ होती, "सगळी मोकाट कुत्री उचला". आता हे नगरपालिकेच्या हातातच नाही तर त्या अर्जाचं ते करणार काय? 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम म्हणतात कुत्रं पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या अन् जिथून आणलं तिथंच सोडा. 22 ऑगस्ट 2025 ला सुप्रीम कोर्टानंही तेच धरलं, फक्त पिसाळलेली अन् अंगावर येणारी कुत्री परत सोडायची नाहीत, शिवाय प्रत्येक वॉर्डात खायला घालायची जागा ठरवा असं सांगितलं. मग 7 नोव्हेंबर 2025 ला शाळा-कॉलेज, दवाखाने, क्रीडा संकुलं, बस स्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री उचलून पुन्हा तिथं सोडू नका असा आदेश आला. म्हणजे "शाळेच्या आवारातली कुत्री न्या" याला वजन आहे, "आमच्या गल्लीतली न्या" याला नाही. त्या यादीत बाग पण नाही बरं का.

खायला घालायच्या जागेवर मात्र नीट लिहा. मसुद्यात नुसतं "योग्य ठिकाणी" असेल तर तिथंच बोट ठेवा अन् प्रभागानुसार जागांची नावं मागा. पोरं खेळतात तिथं, जिन्यात, गेटजवळ ती जागा नको असं 2023 च्या नियमातच आहे, त्यामुळं तुम्ही काही जगावेगळं मागत नाही.

पण माझ्या मते खरा मुद्दा खरकट्याचा आहे आणि तो कुणीच लिहीत नाही. आमच्या ट्यूशन एरियात पोरं-पोरी रात्री उशिरा क्लास सुटून रूमवर जातात, मेसवाले त्याच वेळेला उरलेलं अन्न कोपऱ्यावर ओततात, घंटागाडी येणार सकाळी, मग रातभर तिथं कुत्र्यांची पंगत अन् पोरांना दगड हातात घेऊन जायची पाळी. लोक बोलायलेत कुणाला, तर चार पोळ्या घालणाऱ्या काकूंना! बादलीभर भात ओतणाऱ्याला कुणी विचारत नाही. मेस, हॉटेल, मंगल कार्यालय, मटणाची दुकानं यांच्या ओल्या कचऱ्याचं कलम याच उपविधीत घाला अन् दंड लावा, असं मी तरी लिहिलं असतं.

पाळीव कुत्र्यांबद्दल, बागेत पट्टा पाहिजेच, यात मी फिरणाऱ्यांच्या बाजूनं. पण बाग कुत्र्यांना पूर्ण बंद करायलेत असं दिसलं तर हरकत घ्या, पहाटेचा एखादा तास मागा. "मोठ्या जातीला मुसकं" असलं काही असेल तर त्यालाही, कारण आपल्याकडं शेतावरची कारवानी जातीची कुत्री उंचीला दांडगी असते, म्हणून ती चावते असं थोडंच आहे. चावल्याची नोंद असलेल्या कुत्र्याला मुसकं लावा म्हणावं, जात कुठली का असेना. आणि मालकाला काहीच होत नाही ही ओरड खोटी आहे, कुत्रं निष्काळजीपणे सोडून लोकांच्या जिवाला धोका केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

अर्ज दोन प्रतीत करा, कलमाचा नंबर टाकून, मुदतीच्या आत आवक-जावकला द्या अन् दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या, तोंडी सुनावणी पाहिजे हे पण त्यातच लिहा. लिहायच्या आधी एक काम करा, गल्लीतल्या कुत्र्यांचे कान बघा. नसबंदी झालेल्याच्या कानाला चीर दिलेली असते. किती कुत्री अन् त्यातली किती कान कापलेली, हा आकडा अर्जात पहिल्या ओळीत टाका, मागच्या वर्षी नसबंदीवर खर्च किती झाला ते माहिती अधिकारात विचारा, अन् सुनावणीला दोन्ही कागद सोबत न्या.