पाळणाघराच्या पायरीवरचा बर्फ आणि घराचा विमा

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला स्वतःच्या घरात राहतो आणि तीन वर्षांपासून मी घरीच चार मुलांचे पाळणाघर चालवते. जानेवारीत एका सकाळी नातवाला सोडायला आलेले आजोबा आमच्या दुसऱ्या पायरीवर घसरले आणि त्यांचे मनगट मोडले. ते पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. बर्फ पडायचा आदल्या दुपारीच थांबला होता आणि यजमानांनी संध्याकाळी पायऱ्या साफ करून मीठही टाकले होते. पण छताच्या पन्हळीतून ठिबकलेले पाणी पहाटे गोठले. त्यांच्या मुलाने अजून काही मागितलेले नाही. आमचा घराचा विमा या खर्चाला पुरेल का?

उत्तर : बहुधा नाही, आणि हे आपल्याला आजच समजलेले बरे. अमेरिकेतील घराच्या प्रचलित पॉलिसीत आलागेला घसरून पडल्यास लागणारे दायित्वाचे, म्हणजे दुसऱ्याच्या इजेची भरपाई देण्याच्या जबाबदारीचे, संरक्षण असते, पण व्यवसायातून उद्भवलेले दायित्व त्यातून वगळलेले असते; आणि मोबदला घेऊन नियमितपणे दुसऱ्यांची मुले सांभाळणे हा पॉलिसीच्या दृष्टीने व्यवसायच आहे. नात्यातली मुले सांभाळणे किंवा दोन मैत्रिणींनी आळीपाळीने एकमेकींची मुले सांभाळणे यांना सहसा सूट असते. काही पॉलिसींत वर्षाला २,००० डॉलरपर्यंतच्या किरकोळ कमाईलाही असते. चार मुलांची फी त्यात बसणार नाही. हेच आजोबा संक्रांतीच्या तिळगुळाला येऊन त्याच पायरीवर घसरले असते तर विमा उपयोगी पडला असता. नातवाला पाळणाघरात सोडायला आले म्हणून तो हात आखडता घेऊ शकतो. घराच्या विम्याची मर्यादा संपल्यावर उपयोगी पडावी म्हणून वर घेतलेल्या जादा दायित्वाच्या, म्हणजे अंब्रेला, पॉलिसीतही साधारणपणे व्यवसाय वगळलेलाच असतो.

तरीही विमा कंपनीला ही घटना ताबडतोब लेखी कळवावी. नकार द्यायचा असेल तर तो कंपनीने लेखी द्यावा. आपण उशीर करून तिच्या हाती आणखी एक कारण देऊ नये. पाळणाघराचा उल्लेख टाळण्याचा मोह होईल, पण माहिती दडवल्याचे उघड झाले तर आहे ते संरक्षणही धोक्यात येते. आजोबांची विचारपूस अगदी मोकळेपणाने करावी. फक्त खर्च आम्ही देऊ असे वचन कंपनीला कळवण्याआधी देऊ नये. त्यांनी येताना प्रवासी आरोग्य विमा काढला असेल तर पहिला खर्च तिकडून निघतो का, हे त्यांच्या मुलाने पाहावे. न्यू जर्सीत प्रौढ व्यक्तीला असा दावा करण्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे आजची शांतता म्हणजे प्रकरण मिटले असे समजू नये.

आता दोष कोणाचा, याविषयी. कोणी पडले म्हणजे घरमालक आपोआप जबाबदार ठरत नाही. वाजवी काळजी घेतली होती की नाही, हे पाहिले जाते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असे स्पष्ट केले की हिमवृष्टी चालू असताना व्यावसायिक जागेच्या मालकाने बर्फ हटवलाच पाहिजे असे नाही. ती थांबल्यावर वाजवी वेळात हटवावा. आपल्याकडे बर्फ आदल्या दुपारीच थांबला होता, म्हणून या निर्णयाचा आधार मिळणार नाही. त्यातही पायरीवरचा तो पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर आकाशातून पडलेला नव्हता, आपल्याच पन्हळीतून आला होता, आणि विरुद्ध बाजूचा वकील नेमके तिथेच बोट ठेवील. आजोबांचीही काही चूक ठरली, समजा त्यांनी कठडा असून धरला नव्हता, तर त्या प्रमाणात भरपाई कमी होते. त्यांचा दोष आपल्यापेक्षा अधिक ठरल्यास भरपाई मिळतच नाही.

पुढच्या हिवाळ्याआधी, खरे तर याच आठवड्यात, एजंटकडे घरगुती पाळणाघराच्या संरक्षणाची लेखी चौकशी करावी. घराच्या पॉलिसीला जोडून मिळणारी पुरवणी बहुतेकदा मोजक्याच मुलांपुरती, पुष्कळदा तिघांपुरती असते. आपल्याकडे चार असल्यामुळे पाळणाघराची स्वतंत्र दायित्व पॉलिसी घ्यावी लागेल असे मला वाटते. ती मुलांप्रमाणेच त्यांना सोडायला येणाऱ्यांनाही लागू आहे का, हे विचारून घ्यावे. मदतनीस बाई पगारावर असेल, तर तिच्यासाठी कामगार भरपाईचा विमा वेगळा लागतो. पाच मुलांपर्यंतच्या घरगुती पाळणाघराची राज्याकडे नोंदणी ऐच्छिक आहे, पण नोंदणी म्हणजे विमा नव्हे.

पन्हळीचा नळ मात्र कोणत्याही पॉलिसीआधी पायऱ्यांपासून दूर वळवून घ्यावा. साधे मीठ कडाक्याच्या थंडीत, साधारण पंधरा अंश फॅरनहाइटच्या खाली, फारसे काम करत नाही. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड वापरावे. संध्याकाळी साफ केलेली पायरी पहाटे पुन्हा गोठते, म्हणून पहिले मूल येण्याआधी ती स्वतः पाहावी आणि वेळ व तापमान वहीत टिपून ठेवावे.

प्रश्न : माझ्या मुलीच्या पाळणाघराने ‘इजा झाल्यास आम्ही जबाबदार नाही’ अशा कागदावर आमची सही घेतली आहे. मुलगी उद्या तिथल्या बर्फावर पडली तर आमचे हात बांधले गेले का? (एक आई, न्यू जर्सी)

उत्तर : त्या कागदामुळे मुलीचा हक्क गेला असे समजू नका. एका स्केट पार्कच्या (स्केटबोर्ड खेळण्याच्या जागेच्या) प्रकरणात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये असा निर्णय दिला की मुलाला इजा होण्याआधीच पालकाने सही करून सोडून दिलेला त्याचा भरपाईचा हक्क अशा व्यावसायिक ठिकाणी ग्राह्य धरता येणार नाही. ते पाळणाघराचे प्रकरण नव्हते, पण मुलाचे हित सहीपेक्षा मोठे, हा त्यामागचा विचार इथेही मांडता येतो. शिवाय लहानपणी झालेल्या इजेची दोन वर्षांची मुदत सामान्यतः अठरावे वर्ष पूर्ण झाल्यावर सुरू होते. आपण मात्र पाळणाघराच्या ताईंकडे विम्याचे प्रमाणपत्र मागावे. ते मागणे म्हणजे अविश्वास नव्हे, आणि ज्यांनी विमा घेतला आहे त्या ते आनंदाने दाखवतात.