दोन्ही उचलू नकोस

इतवारी, नागपूर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाले. चष्मा पुसून, मोबाईल डोळ्याजवळ नेऊन चामडं शिवायच्या दोन्ही जुन्या मशिनी पाहिल्या. कामठीचा तो गोदामवाला म्हणतो, 'दोन्ही घ्या जी, जोडीत लावून देतो.' दोन्ही उचलू नकोस. सिंगरची १११डब्ल्यू१५५ पाहून ये आणि बरी निघाली तर घे. दुसरी, ती धिप्पाड ४५के, तिथंच राहू दे. मला ठाऊक आहे, मन तिच्यावरच बसलंय. माझंही बसलं असतं.

तुझ्या बाबांचा प्रश्न मात्र चुकीचा नाही, की घरात दोन मशिनी असताना तिसरी काऊन? एका मशीनवरही सगळं शिवून होतं. सुई बदलायची, दोरा बदलायचा, दोऱ्याचं वरचं-खालचं टेन्शन, म्हणजे ताण, फिरवायचं, पावलाचा दाब कमी-जास्त करायचा, कात्रणावर चार टाके घालून पाहायचे आणि परत फिरवायचं. यात माझा अर्धा तास सहज जातो. सकाळी बकरीच्या चामड्याला अस्तर, दुपारी म्हशीच्या चामड्याचा पट्टा आणि संध्याकाळी पुन्हा अस्तर असलं, तर स्क्रू फिरवण्यातच धंदा बुडतो. म्हणून माझ्याकडे चार मशिनी चालत्या आहेत आणि चौघींचं काम ठरलेलं आहे. ३१के वर ६९ नंबरचा बारीक दोरा, अस्तर आणि पातळ चामडं. १११ वर १३८ नंबर आणि बॅगा. ४५के वर २०७ नंबरचा जाड दोरा, बेल्ट आणि बैलांचे घुंगरांचे पट्टे. पोळ्याच्या आधी महिनाभर ती थांबत नाही. २९के फक्त दुरुस्तीला. त्यांच्या स्क्रूला पोरांनी हात लावलेला मला खपत नाही.

आता तू सांग, महिन्याला बेल्ट किती करतेस? मागच्या वेळी म्हणालीस, दोन-तीन. तीन बेल्टसाठी तेवढं लोखंड घरात आणायचं नसतं. ते आरी आणि दोन सुयांनी हातानं शिव. गिऱ्हाईक त्याचे जास्त पैसे देतं, आणि टाकाही मजबूत असतो. मशीनचा टाका एका जागी तुटला तर उसवत जातो. दोन सुयांच्या टाक्यात एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो.

बॅगा मात्र तू आठवड्याला करतेस, आणि करतेस आजोबांच्या २९के वर. तिथंच तुझं रडगाणं आहे, 'काका, टाका लहान-मोठा पडतो.' पडणारच. ती मोच्यांची मशीन आहे. तिला खालून चामडं सरकवणारे दाते नाहीत. वरचं पाऊलच चामड्याला चावा घेऊन ओढतं, आणि ते पाऊल चहूबाजूंनी फिरतं म्हणून बुटाच्या आत, बॅगेच्या कोपऱ्यात तिच्यासारखी दुसरी नाही. पण लांब सरळ शिलाई तिचं काम नव्हे. वर दातांचे वळ उमटतात. जुन्या २९के ची बॉबिनही एवढीशी, लांब पट्ट्याच्या अर्ध्यात संपते. शिवाय वय झालं की आतला वाकडा लीव्हर झिजतो आणि टाका आखडत जातो. मग नॉब कितीही फिरव, लांब टाका येत नाही. आजोबांची आहे म्हणून विकू नको, पण तिला दुरुस्तीवर बसव.

१११ मध्ये सुई आणि आतलं पाऊल चामड्याला टोचून-धरून सोबत चालतात, बाहेरचं पाऊल तेवढ्यात दाबून ठेवतं. वरचा थर आणि खालचा थर एकत्र सरकतात. २०१५ मध्ये आपल्याकडे बैलांच्या कत्तलीवर बंदी आली, तेव्हापासून माझ्या हाती बहुतेक म्हशीचंच चामडं येतं. जाड आणि रवाळ. त्याचे दोन थर साध्या मशीनवर घातले तर वरचा मागे राहतो आणि शिवण संपते तिथं बोटभर चामडं उरतं. ते कापून टाकणं म्हणजे फिनिशिंग नव्हे, कितीही जण तसं म्हणोत.

आता माझ्या पाचवीची गोष्ट. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडे एक जुनी परदेशी पॅच मशीन, म्हणजे २९के सारखी दुरुस्तीची, दिसली. काळाभोर रंग, सोनेरी वेलबुट्टी. मी मोटर लावून कापडाच्या चिंधीवर शिवून पाहिली, छान चालली, पैसे मोजले. घरी आणून चामडं घातलं तर दर सात-आठ टाक्यांनी एक टाका सुटायचा. शटल, म्हणजे खालची बॉबिन धरणारा टोकदार भाग, बाहेर काढून टोकावरून नख फिरवलं तर नख अडकलं. टोक मोडलेलं होतं, आणि कुणीतरी कानशीनं घासून बसवून दिलेलं. तो रंगही नवाच मारलेला होता, हे नंतर लक्षात आलं. तसं शटल आजपर्यंत मिळालं नाही. मिस्त्रीनं लेथवर दुसऱ्याचं घासून पाहिलं, तो म्हणाला, 'भाऊ, हे बसते पण बोलत नाही.' ती मशीन आता माजघरात आहे. तुझी काकू तिच्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवते.

तेव्हा कामठीला जाशील तर रंगाकडे पाहू नको. मोटर लावू देऊ नको. पट्टा काढायला सांग आणि हातचाक आपल्याकडे सावकाश फिरव. दर फेरीला एकाच जागी अडत असेल तर काहीतरी वाकलंय, तिथून निघून ये. सगळीकडे सारखीच जड असेल तर बहुतेक जुनं तेल सुकून चिकटलंय. ते रॉकेलनं सुटतं. (कुणीतरी खोबरेल घातलेलं असतं. मीही उमेदवारीत घातलंय आणि मार खाल्लाय. पांढरं मशीन ऑइलच घालायचं.) सुईचा दांडा बोटांत धरून पुढं-मागं हलव, ढिला लागतो का पाहा. मग टॉर्च लावून खाली बघ. सुई तळाला जाऊन साधारण २ मिलिमीटर वर आली, की हूकचं, म्हणजे वरचा दोरा पकडणाऱ्या खालच्या गोल भागाचं, टोक सुईच्या खाचेतून, भोकाच्या किंचित वरून जायला हवं. मध्ये कागद जाईल एवढीच फट. हूकच्या टोकावरून नख फिरवायला विसरू नको.

सुया आपल्या ने. पाकिटावर १३५ गुणिले १६ लिहिलेली ती चामड्याची, टोक कापत जातं. १७ लिहिलेली ती कापडाची, टोक गोल. लांबी तीच, त्यामुळे दुकानदार एकीच्या जागी दुसरी देतो. १३८ च्या दोऱ्याला २२ नंबरची घे. दोरा नायलॉनचा चालेल, पण स्कूटरवर, उन्हात राहणाऱ्या बॅगांना पॉलिस्टरच वापर. आपल्या मे महिन्याच्या उन्हात नायलॉन लवकर कुजतं.

मोटरचा हिशेब आधीच करून ठेव. जुनी क्लच मोटर मिनिटाला १४४० च्या आसपास फिरते. मोटरची पुली २ इंच आणि मशीनचं चाक ६ इंच धरलं तर मिनिटाला ४८० टाके, म्हणजे सेकंदाला आठ. कोपऱ्यावर आठ टाके म्हणजे बॅग गेली. मध्ये तिप्पट गती उतरवणारी पुली बसवली तर १६० वर येतं, तेवढं हाताला झेपतं. सर्व्हो मोटर घेतलीस तर आणखी बरं. ती नुसती उभी असताना घरघरत नाही, विजेचं बिलही बोचत नाही.

पावसाळ्यात झाकायला प्लास्टिक नको, जुनी सुती चादर घे. प्लास्टिकखाली ओल धरते आणि हूकवर पहिली तांब येते.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. तो गोदामवाला म्हणतो ना, '१११ चं खालचं फिरत नाही, टायमिंग गेलं म्हणून स्वस्त', म्हणजे सुई आणि हूकचा मेळ बिघडला? या मशीनच्या हूकला सेफ्टी क्लच असतो. दोरा अडकला की हूक मोडू नये म्हणून तो स्वतःच सुटतो. वरचं सगळं चालतं, खालचं थांबतं, आणि माहीत नसलेला माणूस मशीन मेली समजतो. मशीनच्या बेडवर, म्हणजे सपाट तळावर, एक छोटं बटण आहे. आधी अडकलेला दोरा काढ, मग ते दाबून धरून हातचाक जोर लावून फिरव. खट्ट झालं आणि हूक फिरायला लागला तर तेवढंच होतं. नाही झालं तर आत वरच्या-खालच्या शाफ्टमधला पट्टा तुटला आहे का ते पाहा; तोही बदलता येतो.

खट्ट झालं तरी पैसे देईपर्यंत हसू नकोस. मशीन आणायला टेम्पो कर, आडवी घालू नको. डोकं आणि टेबल वेगळं करून आण, बोल्ट डबीत घाल. रविवारी दुपारी मी येतो. म्हशीच्या चामड्याची कात्रणं काढून ठेव, आणि आजोबांच्या २९के च्या बॉबिनी पण. त्यातल्या किती वाकल्यात ते पाहायचंय.

तुझा,
काका