गेम टाकलास? आधी फोल्डर उघडून बघ

नवीन पीसी घेतलास, मस्तच, पण गेम टाकला की लगेच खेळायला बसू नको भावा, गुपचूप तुझी माहिती गोळा करणारं काही त्यात नाही ना, हे कळायला आधी इन्स्टॉल फोल्डर उघडून कुठल्या कुठल्या डीएलएल (गेमला जोडलेल्या प्रोग्रामच्या फाइली) आहेत ते बघ. 2018 ला लोकांनी असंच उकरलं आणि रेडशेल नावाचं पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर गेममध्ये सापडलं. म्हणजे काय, तू कुठंतरी गेमच्या जाहिरातीवर क्लिक केलंस आणि नंतर तोच गेम चालू केलास तर दोन्हीकडं तूच आहेस हे ते जुळवायचं, त्यासाठी आयपी, ब्राउझरचं व्हर्जन, स्क्रीनचं रिझोल्यूशन, अगदी फॉन्टसुद्धा बघायचं. नाव-पत्ता लागतच नाही रे, असल्या बारीकसारीक गोष्टी एकत्र केल्या की मशीन ओळखू येतं. आणि हे फुकटातले गेम नव्हते हां, सिव्हिलायझेशन 6, कोनन एक्झाइल्स, चांगले पैसे मोजून घेतलेले! बोंबाबोंब झाल्यावर कंपन्यांनी ते काढलं.

सिंगल प्लेयर गेम असेल तर विंडोज फायरवॉलमध्ये आउटबाउंड रूल (बाहेर जाणारा डेटा अडवायचा नियम) टाकून त्याची एक्झी, म्हणजे गेम चालू करणारी फाइल, ब्लॉक कर, बहुतेक गेम तरीही चालतात. ऑनलाइनवाल्यांना हे जमणार नाही, आणि अँटीचीटच्या (चीटिंग पकडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) फाइलींना हात लावू नको, उगाच बॅन व्हायचास.

मोबाइलवर तर अजून गंमत, भाच्याच्या फोनमध्ये एका लुडोनं लोकेशन आणि कॉन्टॅक्ट मागितले, अरे सोंगट्या हलवायला माझा पत्ता कशाला? सरळ नाही म्हण. अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जमध्ये गूगल, मग अ‍ॅड्स, तिथं अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी (जाहिरातवाले तुझा फोन ओळखतात तो नंबर) डिलीट करता येतो, ते आजच कर.